मेलेल्या बायकोचं पत्र

भुतं नाहीत, किंचाळ्या मोजक्याच, आणि हीरोला धड काठीसुद्धा फिरवता येत नाही. तरी ‘सायलेंट हिल २’ खेळून झाला की पुढचे दोन दिवस ऑफिसात लक्ष लागत नाही. असं का?

कल्पना करा, सकाळी दारात एक पत्र पडलंय. ई-मेल नाही, बँकेचं स्टेटमेंट नाही, चक्क हाताने लिहिलेलं पत्र. अक्षर तुमच्या बायकोचं. आपल्या ‘त्या’ खास जागी मी एकटी तुझी वाट बघतेय, असं म्हणतेय. इथपर्यंत सगळं रोमँटिक. गोची एवढीच, की बायको जाऊन तीन वर्षं झाली आहेत!

तुम्ही-आम्ही काय करू? कुणीतरी फालतू चेष्टा केली म्हणून पत्र फाडू, फार तर जवळच्या मित्राला फोन करू. जेम्स संडरलँड नावाचा हा गृहस्थ मात्र गाडीला किल्ली मारतो आणि थेट सायलेंट हिलला जातो. अमेरिकेतलं तळ्याकाठचं छोटंसं गाव. नवरा-बायको तिथे एकदा सुट्टीला गेले होते. आता गाव ओस पडलंय, रस्ते मध्येच तुटून खाली दरी झालीय, आणि धुकं इतकं की समोरचा फुटपाथ दिसत नाही. जेम्स तरीही आत शिरतो. म्हणजे खरं तर आपणच शिरतो, कारण कंट्रोलर आपल्या हातात असतो.

तर मंडळी, हा ‘सायलेंट हिल २’. कोनामी या जपानी कंपनीतल्या ‘टीम सायलेंट’ नावाच्या गटाने बनवलेला, सप्टेंबर २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेला व्हिडिओ गेम. गेम म्हणजे पोराटोरांचे उद्योग, असं ज्यांना वाटतं त्यांनीही पान उलटू नका. हा गेम पोराटोरांसाठी नाहीच. तो आजारपणाबद्दल आहे, संसाराबद्दल आहे, आणि आपण स्वतःशी किती सफाईने खोटं बोलू शकतो, त्याबद्दल आहे.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा शाळेत होते. डोंबिवलीच्या मावसभावाकडे प्लेस्टेशन २ होता आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या, झेरॉक्स केलेल्या कव्हरच्या डीव्हीडींची चळत होती. दादा खेळायचा, मी उशी पोटाशी धरून बघायची. तेव्हा कळलं काहीच नाही, फक्त रात्री बाथरूमला जाताना दिवा लावून जायला लागले. नीट, स्वतःच्या हाताने, शेवटपर्यंत खेळले ती नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केल्यावर. आणि मग २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, तीही खेळले. म्हणजे एकूण हिशेब केला तर या धुक्यात मी बराच मुक्काम ठोकलाय.

कमी तिथे भीती

या प्रकारच्या गेम्सना ‘सर्व्हायव्हल हॉरर’ म्हणतात. हे नाव रूढ केलं कॅपकॉम या दुसऱ्या जपानी कंपनीच्या ‘रेसिडेंट इव्हिल’ने, १९९६ मध्ये. तंत्र साधं होतं. इतर गेम्स तुम्हाला सुपरमॅन करतात, हा तुम्हाला कंगाल करतो. गोळ्या मोजून, औषधं मोजून. इतकंच काय, गेम सेव्ह करायला टाइपरायटरची रिबन लागायची, आणि रिबनही मोजून! महिनाअखेरीला पाकिटाकडे बघताना जे होतं ना, ती भीती.

‘सायलेंट हिल’ने ही कंगाली वेगळ्या वाटेने नेली. पहिला भाग आला १९९९ मध्ये, केइचिरो तोयामाच्या दिग्दर्शनाखाली. त्यात एक बाप हरवलेली मुलगी शोधत गावभर फिरतो. मूळ प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती अवघी २ एमबी. आज मोबाइलवर ‘गुड मॉर्निंग’चा एक फोटो येतो, तोही कधीकधी याहून मोठा असतो. एवढ्याशा मेमरीत अख्खं गाव लांबपर्यंत दाखवणं अशक्य. मग त्यांनी काय केलं, तर जे दाखवता येत नाही त्यावर धुकं सोडलं. रात्री अंधार आणि सोबत एक टॉर्च. मशीनची अडचण झाकायला केलेला जुगाड! आणि तोच या मालिकेचा चेहरा झाला.

प्लेस्टेशन २ मध्ये मेमरी ३२ एमबी झाली. पण दुसऱ्या भागात धुकं हटलं नाही. आता ते नाइलाज म्हणून नव्हतं, मुद्दाम होतं. धुक्याची किंमत किती, हे कळायला अजून अकरा वर्षं जावी लागली. २०१२ मध्ये कोनामीने दुसऱ्या नि तिसऱ्या भागाचं ‘एचडी कलेक्शन’ काढलं. चित्र चकचकीत झालं आणि धुकं विरळ झालं. त्याबरोबर, कधी कुणाला दिसूच नयेत असे गावाचे अर्धवट कोपरेही उघडे पडले. एका पाटीवर तर चक्क कॉमिक सॅन्स फॉण्ट! आपल्या सोसायटीच्या ‘कृपया चपला येथे काढाव्यात’ छाप. चाहते खवळले, आणि बरोबरच होतं. लग्नाच्या हॉलचे दिवे सकाळी लावले की जसं दिसतं, तसं ते गाव दिसत होतं.

धुक्याच्या जोडीला आवाज. जेम्सला सुरुवातीलाच एक खिशातला रेडिओ सापडतो. बिघडलेला. पण जवळपास काही वावरत असलं की तो खरखरायला लागतो. काय आहे, कुठून येतंय, काही सांगत नाही, फक्त ‘आहे’ एवढंच. संगीत आणि आवाज दोन्ही अकिरा यामाओकाचे. या माणसाला कळलंय की शांततासुद्धा वाजवता येते. लांबच लांब कॉरिडॉर, बुटांचा टकटक आवाज, आणि बाकी काही नाही. मग मध्येच एखादी गिटारची धून अशी येते, की भीती बाजूला राहून गळा दाटतो.

आणि जेम्स? जेम्स अगदीच सामान्य आहे. पहिलं हत्यार म्हणजे खिळे ठोकलेली फळी. ती फिरवतो तीही अशी, की झुरळ मारताना आपण जास्त बरे दिसू. मूळ गेममधला त्याचा आवाज गाय सिही नावाच्या अमेरिकन माणसाचा. हा मूळचा व्यावसायिक. टोकियोत मुलीला ऑडिशनला घेऊन गेला आणि स्वतःच निवडला गेला. त्यामुळे जेम्स बोलतो ते कसंतरीच, अडखळल्यासारखं, समोरच्याकडे न बघता. अनेकांनी याला वाईट अभिनय म्हटलंय. मला ते पटत नाही. मनात काहीतरी दडवून ठेवलेली माणसं अशीच बोलतात.

सगळ्यांचं गाव सारखं नाही

गावात जेम्स एकटा नाही. आईला शोधत आलेली अँजेला आहे, एडी नावाचा एक जाडा मुलगा आहे, लॉरा नावाची आठ वर्षांची भोचक पोरगी आहे. आणि आहे मारिया. दिसायला हुबेहूब मेरी, म्हणजे जेम्सची बायको. पण कपडे तंग, बोलणं बिनधास्त, आणि ठणठणीत तब्येतीची. मेरी आणि मारिया दोघींचा आवाज एकाच अभिनेत्रीचा आहे, हे लक्षात ठेवा.

पहिल्या फेरीत माझ्या डोक्यावरून गेलेली गोष्ट म्हणजे लॉरा. सगळं गाव राक्षसांनी भरलेलं, आणि ही पोरगी एकटी खिदळत फिरतेय! तिला काहीच दिसत नाही. कारण तिच्याकडे दडवायला काही नाही. उलट अँजेला. एका प्रसंगात हॉटेलचा जिना आगीच्या ज्वाळांनी वेढलेला दिसतो. जेम्स म्हणतो, काय उकडतंय इथे. त्यावर ती विचारते, तुलाही दिसतंय का हे, माझ्यासाठी तर कायम असंच असतं. घरात बापाने केलेल्या अत्याचारांतून आलेली मुलगी आहे ती. ती त्या जिन्यावरून वर चालत जाते आणि आपल्याला काहीही करता येत नाही. इथे मी कंट्रोलर खाली ठेवला होता.

म्हणजे प्रत्येकाला गाव वेगळं दिसतं. जेम्सला काय दिसतं? स्वतःच्याच कातडीत हात बांधले गेल्यासारखी, तडफडत सरपटणारी आकृती. चेहरे विस्कटलेल्या नर्सेस. आणि पिरॅमिड हेड, डोक्यावर लोखंडाचा लाल-गंजका त्रिकोणी टोप, हातात माणसाएवढा सुरा, जो तो फरशीवरून खरखरत ओढत येतो. ही सगळी चित्रं मासाहिरो इतोची. पुढे पिरॅमिड हेड इतका हिट झाला, की तो सिनेमात आला, खेळण्यांत आला, दुसऱ्यांच्या गेम्समध्येही आला. वैतागून इतोने जाहीरपणे म्हटलं, हा मी काढलाच नसता तर बरं झालं असतं! त्याचा राग समजू शकतो. तो प्राणी जेम्ससाठी होता, टी-शर्टसाठी नव्हता.

आपल्याकडे धारपांच्या, मतकरींच्या गोष्टी वाचून वाढलेल्यांना वाटेल, की मग भूत कुणाचं? मेरीचं का? तर नाही. इथून पुढे मी गुपित फोडणार आहे. पंचवीस वर्षांचं जुनं गुपित आहे, तरी ज्यांना स्वतः खेळायचंय त्यांनी इथे थांबावं आणि पुढचा अंक वाचावा.

‘सुटली’

तळ्याकाठच्या हॉटेलात, ३१२ नंबरच्या खोलीत जेम्स एक व्हिडिओ टेप लावतो. त्यात दिसतं, की मेरी आजाराने गेलीच नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या मेरीच्या तोंडावर उशी दाबून जेम्सनेच तिला मारलंय. आणि तेही तीन वर्षांपूर्वी नाही. तीन वर्षांपूर्वी ती आजारी पडली होती. मधली वर्षं जेम्सने डोक्यातून पुसून टाकली. लॉरा बिचारी आधीपासून सांगत होती, की मागच्या वर्षी हॉस्पिटलात मेरी आणि मी मैत्रिणी होतो. जेम्स तिला खोटारडी ठरवत होता, आणि आपण जेम्सवर विश्वास ठेवत होतो!

मग सगळं उलटं फिरून दिसायला लागतं. त्या नर्सेस का, अंथरुणात तळमळल्यासारखं वळवळणारं ते शरीर का, आजारी नसलेली मारिया का. पिरॅमिड हेड मारियाला जेम्ससमोर मारतो, ती परत येते, परत मरते. आणि ते पत्र? सामानात उघडून बघा. मजकूर गायब. नंतर पाकीटही गायब. पत्र कधी आलंच नव्हतं.

हा माणूस राक्षस आहे का? गेम तसं म्हणत नाही, आणि निर्दोषही म्हणत नाही. मेरी आजारपणात बदलली होती. चिडायची, वस्तू फेकायची, निघून जा म्हणायची, मग लगेच जाऊ नकोस म्हणायची. औषधांनी रूप गेलं होतं. एका शेवटात जेम्स तिला सांगतो, की तुझे हाल बघवत नव्हते म्हणून केलं. आणि मग स्वतःच म्हणतो, की ते पूर्ण खरं नाही. मला तुझा राग यायचा. मला माझं आयुष्य परत हवं होतं.

हे वाक्य ऐकलं आणि मला आमच्या घरातला एक शब्द आठवला.

माझी आजी अर्धांगवायूने साडेचार वर्षं पडून होती. वन बीएचके फ्लॅट, हॉलमध्ये आजीची कॉट. सगळं आईने केलं. डबे, नोकरी, आणि दर दोन तासांनी कूस बदलणं. आजी गेली तेव्हा भेटायला येणारी प्रत्येक बाई आईचा हात धरून एकच म्हणायची, “सुटल्या हो.” आई मान हलवायची. मी अकरावीत होते. सुटलं नक्की कोण, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता, पण तो विचारायची पद्धत नव्हती. आपण मराठी माणसांनी केवढं काय काय त्या एका क्रियापदात कोंबून ठेवलंय! मेलेल्या माणसाबद्दल बोलतोय असं दाखवायचं, आणि राहिलेल्या माणसाने आपल्यापुरतं ऐकून घ्यायचं.

जेम्सने जे केलं ते खून आहे, आणि माझ्या आईने जे केलं ते नेमकं उलटं. तुलना करतच नाहीये. पण खून होण्याच्या कितीतरी आधी मनात जे येतं, पहाटे तीनला चादर बदलताना जे येतं, ते कुणाशी बोलायचं? ते न बोललं तर त्याचं काय होतं? माझ्या पाहण्यातल्या कुठल्याही सिनेमाने ते इतकं सरळ विचारलं नव्हतं. गेल्या दिवाळीत मी नवी आवृत्ती खेळत असताना आई मागे येऊन उभी राहिली.

“ही कोण गं?”

“बायको त्याची. आजारी होती.”

“किती दिवस?”

“तीन वर्षं.”

आई म्हणाली, “हं.” मग खुर्ची ओढून बसली, आणि तो सीन संपेपर्यंत उठली नाही.

गेम तुमच्याकडे बघतोय

आता असली गंमत सांगते. या गेमला अनेक शेवट आहेत. बाकी गेम्समध्ये शेवट निवडायचा म्हणजे सरळ विचारतात, वाचवू का मारू, अ की ब. इथे कुणी काही विचारत नाही. गेम गुपचूप तुमच्या सवयी टिपून ठेवतो.

अँजेला सुरुवातीला जेम्सकडे तिचा सुरा देते, कारण तो जवळ असला तर आपण काय करून बसू याची तिला भीती वाटते. त्या सुऱ्याचा खेळात काही उपयोग नाही. पण सामानातून काढून तुम्ही तो न्याहाळत बसलात, तर गेमची त्यावर नोंद होते. जखमी अवस्थेत तसेच हिंडत राहिलात, औषध घेतलं नाहीत, तरी नोंद होते. आणि मूळ गेममध्ये स्क्रीनवर तब्येतीचा पट्टा नव्हता बरं का! जेम्सचं कसं चाललंय हे बघायला तुम्हाला मेनू उघडायला लागायचा, नाहीतर हातातला कंट्रोलर थरथरायला लागेपर्यंत कळायचं नाही. म्हणजे जेम्सची विचारपूस करायची की नाही, हेसुद्धा तुमच्यावर. असं दुर्लक्ष करत गेलात तर शेवटी जेम्स गाडीसकट तळ्यात जातो. मेरीचा फोटो, तिचं पत्र अधूनमधून काढून पाहिलंत, जखमा वेळेवर बऱ्या केल्यात, तर तो जिवंत गाव सोडून बाहेर पडतो. मारियाला फार जपलंत, सारखे तिच्या मागेपुढे राहिलात, तर तो मारियाला घेऊन निघतो. आणि निघताना ती खोकते. बस, एवढंच. ती खोकते.

दादाच्या जेम्सने पहिल्याच फेरीत तळं गाठलं होतं. त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं, गोळ्या कमी पडल्या. वस्तुस्थिती अशी, की दादा तेव्हा बारावीला होता आणि कशाचीच काळजी घेत नव्हता. माझा जेम्स गाव सोडून गेला. त्यात माझं कौतुक नाही. मला डोकं दुखायच्या आधी गोळी घ्यायची सवय आहे.

आणखी एक. मध्यावर जेम्सला जमिनीत काळेकुट्ट खड्डे लागतात, तळ न दिसणारे. गेम विचारतो, उडी मारायची? उत्तर ‘हो’च द्यायला लागतं, नाहीतर कथा पुढे सरकत नाही. तो उडी मारतो. खाली तुरुंग. तिथे पुन्हा खड्डा, पुन्हा तोच प्रश्न. इतकं खाली उतरून तो शेवटी बाहेर पडतो ते थेट तळ्याच्या काठावर, उघड्यावर. नकाशाच्या हिशेबाने हे अशक्य आहे. पण प्रत्येक वेळी बटण आपणच दाबलेलं असतं, त्यामुळे तक्रार करायची सोय राहत नाही.

नवा का जुना?

८ ऑक्टोबर २०२४ ला पोलंडच्या ब्लूबर टीमने केलेली नवी आवृत्ती प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर आली. इतो आणि यामाओका दोघेही तिच्यात होते. चेहरे इतके बोलके, की मेरीचा थकवा डोळ्यांत दिसतो. धुकं तर लाजवाब. पण लांबी जुन्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि जेम्स आता चपळाईने वार चुकवतो. मला विचाराल तर त्या चपळाईने थोडा घोटाळा केलाय. जुना जेम्स घाबरला की आपणही चाचपडायचो, नवा जेम्स जरा जिमला जाणारा वाटतो. तरी ज्यांच्या घरी जुना प्लेस्टेशन नाही, म्हणजे जवळपास सगळ्यांनी, बिनधास्त नव्यापासून सुरुवात करावी. हेडफोन लावा. आणि रविवारी रात्री सुरू करू नका, सोमवारचं स्टँड-अप मीटिंग वाईट जातं.

एक राहिलंच. सगळे शेवट असे काळेभोर नाहीत. पहिल्या फेरीत न मिळणारा एक चोरशेवट आहे. त्यासाठी कुत्र्याच्या घरात दडवलेली किल्ली शोधायला लागते. त्या किल्लीने हॉटेलातली एक खोली उघडते, आणि आत, बटणं आणि पडद्यांनी भरलेल्या कण्ट्रोल रूममध्ये, कानाला हेडफोन लावून बसलेलं असतं एक शिबा इनू कुत्रं. सगळ्या गावाचा, सगळ्या यातनांचा सूत्रधार तोच! जेम्स गुडघ्यांवर कोसळतो, आणि कुत्रं येऊन त्याचं तोंड चाटतं. दादाला हा शेवट मिळाला त्या रात्री आम्ही इतके हसलो, की मावशी उठून आली आणि प्लगच काढला.